तिबेटी पोथी संगणकावर आणताना: कळफलकापासून शोधता येईल अशा फाइलपर्यंत

संस्कृतात हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरात शिल्लक आहेत. त्यामुळे पाली, संस्कृत किंवा बौद्ध तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला कधी ना कधी तिबेटी मजकुराशी गाठ पडतेच. हा लेख त्या गाठीच्या तांत्रिक बाजूविषयी आहे. तिबेटी टंकन कसे करायचे, पोथीच्या छायाचित्रातून मजकूर कसा काढायचा, तो शुद्ध कसा करायचा आणि शोधता येईल असा कसा ठेवायचा, हे यात आहे. मराठी माणसाला देवनागरीची सवय असते. तिचा इथे फायदा होतो आणि दोन-तीन ठिकाणी तीच सवय घात करते. ती ठिकाणे मुद्दाम सांगितली आहेत.

उदाहरणासाठी एकच छोटा ग्रंथ घेऊ: प्रज्ञापारमिताहृदय, म्हणजे हृदयसूत्र. देर्गे कांग्यूरच्या (कांग्यूर म्हणजे बुद्धवचनांच्या तिबेटी भाषांतरांचा संग्रह, देर्गे ही त्याची एक छापील आवृत्ती) ३४व्या खंडात ते १४४व्या पानाच्या मागच्या बाजूला सहाव्या ओळीत सुरू होते आणि १४६व्या पानाच्या पुढच्या बाजूवर तिसऱ्या ओळीत संपते. देर्गेच्या पानावर एका बाजूला सात ओळी असतात, म्हणजे सगळे मिळून एकोणीसेक ओळींचे काम आहे. एवढ्याशा मजकुरात तिबेटी गद्य आहे, तिबेटी अक्षरांत लिहिलेले संस्कृत शीर्षक आहे आणि मंत्रही आहे. सरावाला याहून सोयीचा ग्रंथ मिळणार नाही.

आधी शोधा, मग टंकन करा

सगळ्यात मोठी वेळेची नासाडी म्हणजे आधीच उपलब्ध असलेला मजकूर पुन्हा बडवणे. कांग्यूर आणि तेंग्यूर (टीका व शास्त्रग्रंथांच्या भाषांतरांचा जोडसंग्रह) यांतल्या ग्रंथांना तोहोकू क्रमांक असतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठाने १९३४ मध्ये देर्गे आवृत्तीची सूची छापली, तिच्यातले हे क्रमांक. १ ते ११०८ कांग्यूर आणि त्यापुढे ४५६९ पर्यंत तेंग्यूर. हृदयसूत्राचा क्रमांक २१. तेच सूत्र तंत्र विभागात ५३१ या क्रमांकाने पुन्हा येते, म्हणून शोधताना दोन्ही पाहा. ग्रंथाचे नाव प्रत्येक सूचीत वेगळ्या लेखनाने असू शकते, पण हा क्रमांक सगळीकडे चालतो.

पहिली जागा बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर, म्हणजे बीडीआरसी. ई. जीन स्मिथ यांनी १९९९ मध्ये टीबीआरसी या नावाने ही संस्था अमेरिकेत सुरू केली. त्याआधी ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयात होते आणि भारतात छापली जाणारी तिबेटी पुस्तके तिथूनच गोळा होत होती. बीडीआरसीच्या संग्रहात छायाचित्रे असतात आणि काही ग्रंथांचा मजकूरही असतो. दुसरी जागा व्हिएन्ना विद्यापीठाची आरकेटीएस ही कांग्यूर-तेंग्यूरची सूची. वेगवेगळ्या आवृत्त्यांत तोच ग्रंथ कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे ते तिथे कळते. इंग्रजी भाषांतर हवे असेल तर '८४०००' हा प्रकल्प. देर्गे कांग्यूरचा मुद्रितशोधन केलेला संपूर्ण मजकूर एसुखिया या गटाने गिटहबवर मोकळा ठेवला आहे. म्हणजे हृदयसूत्र तयार मिळते. ते आपल्या कामाशी ताडून पाहता येते, म्हणूनच सरावाला ते घ्यायचे.

पाय मोडू नका

तिबेटी लिपी आपल्याच ब्राह्मी कुळातली. ३० व्यंजने, चार स्वरचिन्हे, आणि अक्षराखाली अक्षर रचून जोडाक्षर. देवनागरीत जोडाक्षर करताना आपण पहिल्या अक्षराचा पाय मोडतो, आणि युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारी संगणकाची पद्धत) तेच करते: क, हलंत, ष मिळून क्ष. तिबेटीत तसे नाही. प्रत्येक व्यंजनाचे दोन कोड आहेत, एक वरच्या जागेसाठी आणि एक पायातल्या जागेसाठी. वरचा 'क' यू+०एफ४०, पायातला 'क' यू+०एफ९०. यू+०एफ८४ हे हलंताचे चिन्ह आहे, पण ते संस्कृत शब्दांत दिसण्यापुरते. त्याने अक्षरे एकाखाली एक जात नाहीत. देवनागरीच्या सवयीने कोणी ते टाकले की पडद्यावर अक्षरे शेजारी-शेजारी उभी राहतात आणि लोक फॉन्टला दोष देत बसतात.

'आठ' या शब्दाचे उदाहरण घ्या. त्याचा उच्चार साधारण 'ग्ये' होतो, पण लेखन ब-र-ग-य-द असे पाच अक्षरांचे. ब आधी सुटा उभा. मग र डोक्यावर, त्याखाली ग, त्याखाली य. शेवटी सुटा द. कोडचा क्रम असा: ०एफ५६, ०एफ६२, ०एफ९२, ०एफबी१, ०एफ५१. लिहिताना वरून खाली जो क्रम, तोच कोडचा क्रम, आणि स्वरचिन्ह नेहमी सगळ्या व्यंजनांच्या नंतर. वेलांटी अक्षराच्या वर दिसते म्हणून ती पायातल्या 'य'च्या आधी टाकली तर काही फॉन्ट ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. काही फॉन्ट काहीच दाखवत नाहीत आणि चूक तशीच फाइलमध्ये राहते.

दोन अवयवांच्या (अवयव म्हणजे शब्दातला एका दमात उच्चारायचा तुकडा) मध्ये येणारा छोटा ठिपका म्हणजे त्सेग, यू+०एफ०बी. हा ठिपका तिबेटी संगणकनाचा कणा आहे. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. अवयव संपला की त्सेग, वाक्य संपले की उभा दंड, म्हणजे शे, यू+०एफ०डी. दंडानंतर मात्र मोकळी जागा येते. एक नियम लक्षात ठेवा. दंडाच्या आधी त्सेग देत नाहीत, पण शेवटी 'ङ' असेल तर देतात, नाहीतर ते अक्षर आणि दंड चिकटून भलतेच दिसते. तिथे साधा त्सेग न टाकता न तुटणारा त्सेग, यू+०एफ०सी, टाकावा. नाहीतर ओळ तिथेच मोडते आणि दंड एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. शेवटी 'ग' असेल तर दंडच गाळतात आणि नुसती मोकळी जागा सोडतात. ती छापखान्याची चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

कळफलक आणि वायली

तिबेटी कळफलकाच्या दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक कळीवर तिबेटी अक्षर असते. दुसरीत रोमन अक्षरे बडवली की तिबेटी उमटते. रोज तिबेटी लिहिणाऱ्याला पहिली जात वेगवान पडते. अभ्यासकाला दुसरी बरी, कारण सगळ्या सूची आणि शोधनिबंध रोमन लिप्यंतरातच असतात आणि ते शिकावेच लागते. या लिप्यंतराला वायली म्हणतात. टरेल वायली यांनी ते १९५९ मध्ये मांडले. त्यात पुढे संस्कृत अक्षरांची आणि चिन्हांची भर घालून विस्तारित वायली, म्हणजे ईडब्ल्यूटीएस, तयार झाले.

मॅकवर वायली कळफलक मुळातच असतो. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या यादीत तिबेटी निवडा. विंडोजमध्ये व्हिस्टापासून तिबेटी कळफलक आणि मायक्रोसॉफ्ट हिमालया हा फॉन्ट येतो, पण वायलीसाठी कीमॅन हा मोफत प्रोग्रॅम बसवून त्यात ईडब्ल्यूटीएस कळफलक घ्या. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टंकनसाधने बसवली की यादीत तो सापडतो. अँड्रॉइडवर जीबोर्डमध्ये तिबेटी भाषा जोडता येते.

वायलीत चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. मोकळ्या जागेची कळ दाबली की त्सेग पडतो. खरीखुरी मोकळी जागा हवी तर अधोरेषा. दंडासाठी तिरकी रेघ. संस्कृतातली ट-वर्गाची अक्षरे आणि दीर्घ स्वर मोठ्या रोमन अक्षरांनी, म्हणून कॅप्सलॉक चुकून चालू राहिला तर सगळा मजकूर बिघडतो. तिबेटीच्या नेहमीच्या रचनेत न बसणाऱ्या जोडाक्षरात मध्ये अधिकचे चिन्ह द्यायचे. 'पद्म' लिहिताना डी आणि एम यांच्यामध्ये ते दिले नाही, तर द आणि म एकाखाली एक न येता शेजारी बसतात. आणि तो प्रसिद्ध पूर्णविराम: जी-वाय-ए-जी असे सलग लिहिले तर ग च्या पायात य जातो, जी नंतर टिंब देऊन वाय-ए-जी लिहिले तर ग सुटा उभा राहतो आणि याक या प्राण्याचे नाव होते. टिंब विसरणे ही नवशिक्यांची नित्याची चूक.

आपल्या सूत्राच्या शीर्षकात 'प्रज्ञा' येते. तिबेटी अनुवादकांनी संस्कृत च, छ, ज यांच्यासाठी 'चाक' आणि 'जागा' या शब्दांत आपण जे च-ज म्हणतो, त्या उच्चाराची अक्षरे वापरली, 'चंद्र' आणि 'जन्म' मधली नव्हेत. म्हणून 'ज्ञ' वायलीत डी-झेड, अधिक, एन-वाय असा येतो. हिंदी भाषकाला हे समजावून सांगावे लागते. मराठी कानाला तो फरक आधीच ठाऊक असतो.

फॉन्ट: तीन पुरेत

जोमोल्हारी वाचनाला छान, नोटो सेरिफ तिबेटन वेबसाठी आणि फोनसाठी, आणि तिबेटन मशीन युनी अवघड संस्कृत जोडाक्षरांसाठी. धरमशालेच्या मोन्लाम संस्थेचे फॉन्टही तिबेटी समाजात सर्रास चालतात. मायक्रोसॉफ्ट हिमालयाची अक्षरे आकाराने फार लहान. देवनागरी १२ बिंदूंची असेल तर शेजारी तो २० च्या आसपास ठेवावा लागतो. लिब्रेऑफिसमध्ये तिबेटीचा आकार आणि फॉन्ट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या वेगळ्या रकान्यात बदलतो, वरच्या पाश्चात्त्य रकान्यात नाही. देवनागरीला लावलेला फॉन्टही त्याच रकान्यातला असल्याने दोन लिपी एकत्र असताना प्रत्येकीची वेगळी कॅरेक्टर स्टाइल करा. ओळींमधले अंतर 'नेमके' ठरवून देऊ नका, 'किमान' द्या. नाहीतर चार मजली जोडाक्षराचा पाय कापला जातो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरे तुटतात.

छायाचित्रापासून मजकुरापर्यंत

स्कॅन स्वतः करत असाल तर किमान ३०० डीपीआय, जमल्यास ४००, आणि रंगीत. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपून ठेवा, जेपेग कामापुरते. देर्गे कांग्यूर लाल शाईत छापतात. अशी पाने काळी-पांढरी करताना लाल चॅनेल घेतला तर अक्षरे फिकट पडून कागदात मिसळतात. हिरवा किंवा निळा चॅनेल घ्या, शाई गडद उठते. पान तिरके असेल तर सरळ करा, कारण पोथीचे पान लांबलचक असते आणि एका टोकाला अर्ध्या अंशाचा तिरपेपणा दुसऱ्या टोकाला ओळ चुकवतो. डावीकडच्या समासात खंडाचे नाव आणि पान क्रमांक अक्षरांत लिहिलेला असतो. तो कापून टाका, नाहीतर तो मजकुराच्या ओळीत घुसतो. ओळ छोटी करण्यासाठी पान मधोमध मात्र कापू नका. अवयव तुटतात आणि तुकड्यांचा क्रम लागत नाही.

अक्षर ओळखण्यासाठी सोपा मार्ग म्हणजे गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडणे. आधुनिक छापील पुस्तकांवर तो बरा चालतो. लाकडी ठशांच्या पोथ्यांसाठी बीडीआरसीचे मुक्त स्रोत ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे) अ‍ॅप घ्या, त्यात लिपी आणि छपाईच्या प्रकारानुसार वेगवेगळी मॉडेल्स असतात. मोन्लाम एआयची ओसीआर सेवाही आहे. हे सगळे उचेन, म्हणजे शिरोरेषेच्या लिपीवर उत्तम चालते. उमे या जलद हस्तलिपीवर निकाल खूप खाली येतो. अख्खा खंड चढवण्याआधी पाच पाने करून पाहा आणि चुका मोजा. चुका फार असतील तर हाताने टंकन करणे स्वस्त पडते.

यंत्राच्या चुकांना स्वभाव असतो. ङ आणि द यांची अदलाबदल सर्वात जास्त. प आणि ब यांत फरक फक्त वरची बाजू उघडी की बंद एवढाच, आणि शाई पसरली की तो संपतो. च आणि त्स यांत कोपऱ्यावरच्या शेंडीपुरता फरक. इ आणि ए ही चिन्हे दोन्ही डोक्यावर, तीही गोंधळतात. त्सेग गळणे ही सर्वात खोडसाळ चूक, कारण दोन अवयव मिळून एक लांबलचक अवयव होतो आणि डोळा तो सहज वाचून जातो.

म्हणून मुद्रितशोधनाआधी यंत्राकडूनच एक चाळणी लावून घ्या. शुद्ध तिबेटी अवयवाची रचना अगदी बंदिस्त आहे. आधी सुटे येणारे अक्षर पाचांपैकीच एक: ग, द, ब, म किंवा आ-छुंग (तिबेटी वर्णमालेतले एक व्यंजन). डोक्यावर फक्त र, ल, स. पायात य, र, ल, व. शेवटी दहांपैकी एक, आणि त्यानंतर दुसरे शेवटचे अक्षर आलेच तर स, जुन्या लेखनात द. या नियमांत न बसणारा प्रत्येक अवयव वेगळ्या रंगात दाखवणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट करा, किंवा लिब्रेऑफिसचा तिबेटी हनस्पेल शब्दकोश लावा. संस्कृत शीर्षक आणि मंत्र लाल होतील, ते सोडून द्या. उरलेल्या लाल जागा बहुतेक खऱ्या चुका असतात. पण ङ च्या जागी द पडून दुसराच वैध शब्द झाला असेल तर ही चाळणी काही धरत नाही. त्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने छायाचित्र पाहावे, ही जुनी पद्धत अजून टिकून आहे.

वाचतानाच पान-ओळीच्या खुणा घाला. चौकोनी कंसात '१४४ख.६' अशी, क पुढची बाजू, ख मागची. मूळ पोथीत चूक असेल तर ती गुपचूप सुधारू नका. मूळ पाठ ठेवा आणि सुधारणा वेगळ्या खुणेने द्या, नाहीतर पाठभेद तपासणाऱ्याला तुमची फाइल निरुपयोगी ठरते.

सारखे दिसते ते सारखे नसते

मजकूर डोळ्यांना शुद्ध झाला, तरी शोधताना सापडत नाही अशी तक्रार इथे सुरू होते. कारण एकच आकृती दोन-तीन कोडक्रमांनी उमटते. आधी सगळी फाइल एनएफसी स्वरूपात (एकाच आकृतीचे वेगवेगळे कोडक्रम एकसारखे करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाण रूपात) आणा. त्याने 'हृदय' मधला ऋकार (यू+०एफ७६) फोडून ०एफबी२ आणि ०एफ८० असा होतो, आणि क्ष (यू+०एफ६९) फोडून ०एफ४० आणि ०एफबी५. एनएफसी म्हणजे जोडणे असे देवनागरीच्या अनुभवावरून वाटते. तिबेटीत या ठिकाणी ते फोडते, आणि ते बरोबर आहे.

एनएफसी ज्यांना हात लावत नाही अशा जागा हाताने बदलाव्या लागतात. ॐचे एकसंध चिन्ह (यू+०एफ००) आणि अ-ओ-अनुस्वार असा तीन कोडचा ॐ युनिकोडच्या लेखी वेगळे आहेत. जोडदंड (यू+०एफ०ई) आणि दोन सुटे दंडही वेगळे. दीर्घ स्वरासाठी ०एफ७१ हवे. काही फाइलींत त्याऐवजी पायातले आ-छुंग अक्षर ०एफबी० आढळते, दिसते जवळपास तसेच. या तिन्हींबाबत एक नियम ठरवा, तो फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवा आणि सगळीकडे पाळा. एनएफकेसी हे युनिकोडचे दुसरे, जास्त बदल करणारे रूप मात्र वापरू नका. त्याने न तुटणारा त्सेग साधा होतो आणि आधीची मेहनत वाया जाते.

शब्द कुठे संपतो

साधा वर्ड प्रोसेसर तिबेटी परिच्छेदात शब्द मोजू शकत नाही. कामाचा अंदाज हवा तर त्सेग मोजा. खरे शब्द वेगळे करायला बोटोक हे पायथनचे मुक्त साधन आहे. ते शब्दकोशाच्या आधारे अवयव जोडून शब्द ओळखते आणि अवयवाला चिकटलेले प्रत्यय वेगळे काढते. ते का लागते ते सूत्राच्या नावातच दिसते: 'छिन्पे ञिंग्पो' मधल्या 'पे'त 'पा' आणि षष्ठीचा प्रत्यय एकाच अवयवात आहेत, मध्ये त्सेग नाही. नुसत्या त्सेगवर तोडले तर 'पा' शोधणाऱ्याला हे ठिकाण दिसत नाही. तृतीयेचा स आणि सप्तमीचा र असेच चिकटतात. उलट 'ले' हा अवयव कधी 'कर्म' असतो तर कधी 'पासून', आणि तो निवाडा यंत्र नेहमी बरोबर करेल असे नाही. पहिल्या दोनशे शब्दांचे विभाजन डोळ्यांनी तपासा, चुकलेले शब्द स्वतःच्या यादीत घाला आणि पुन्हा चालवा.

अकारविल्हे लावताना एक्सेलवर विसंबू नका. तिबेटी शब्दकोशात शब्द मूळ अक्षराखाली, म्हणजे मिंगशीखाली, येतो. वर आलेला 'आठ' ग मध्ये शोधायचा, ब मध्ये नाही. कोडच्या क्रमाने लावलेली सूची त्याला ब मध्ये टाकते. आयसीयू या प्रोग्रॅम-संग्रहात भूतानच्या झोंगखा भाषेसाठी अकारविल्ह्याचे तयार नियम आहेत. लिपी तीच असल्याने तिबेटी सूचीलाही ते उपयोगी पडतात. फाइलमध्ये भाषेची खूण द्यायला विसरू नका: तिबेटीसाठी 'बीओ', अभिजात तिबेटीसाठी 'एक्ससीटी', भूतानच्या झोंगखासाठी 'डीझेड'. ही खूण नसली की ब्राउझर चुकीचा फॉन्ट उचलतो आणि ओळ भलतीकडे मोडतो.

जुन्या फाइली

कोणाकडून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची तिबेटी फाइल आली आणि उघडल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसला, तर ती संभोटा, तिबेटन मशीन किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधली असणार. आपल्याकडच्या श्रीलिपी-कृतिदेवचाच प्रकार, पण एक पायरी अवघड. एका फॉन्टमध्ये २५६ जागा आणि जोडाक्षरे त्याहून कितीतरी जास्त, म्हणून ती अनेक फॉन्ट-फाइलींत वाटलेली असतात. त्यामुळे नुसता मजकूर नक्कल करून उपयोग नाही. कुठले अक्षर कुठल्या फॉन्टमधले ही माहिती त्यातच हरवते. फाइल आरटीएफ स्वरूपात ठेवा आणि युनिव्हर्सल तिबेटन फॉन्ट कन्व्हर्टरसारख्या साधनातून काढा. रूपांतरानंतर संस्कृत शब्द आणि आकडे आधी तपासा, गडबड तिथेच असते.

यंत्रभाषांतराबद्दल थोडक्यात. बर्कलीचे धर्ममित्र हे भाषांतरसाधन अभिजात बौद्ध ग्रंथांवर घडवलेले आहे, त्यामुळे सूत्रांसाठी सर्वसाधारण भाषांतरसेवेपेक्षा ते पाहावे. उत्तर ओघवते आले म्हणजे बरोबर आले असे नव्हे. प्रत्येक वाक्य संस्कृत प्रतीशी किंवा शब्दकोशाशी ताडा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला २२३ खंडांचा मोन्लाम महाशब्दकोश यासाठी अ‍ॅपमध्येही आहे.

मराठीत लिहिताना

गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीबद्दल लिहा किंवा कांग्यूरबद्दल, नावाचा प्रश्न येतोच. लिहितात एक आणि म्हणतात दुसरे. 'कांग्यूर'ची वायली अक्षरे देवनागरीत जशीच्या तशी उतरवली तर 'बकअ अग्युर' असे काहीतरी होते आणि ते कोणालाच वाचता येत नाही. म्हणून नावांची तीन रकान्यांची यादी ठेवा: तिबेटी युनिकोड, वायली, आणि देवनागरीतला उच्चार. लेखात तिसरा रकाना, टिपेत दुसरा, शोधासाठी पहिला. वायलीवरून युनिकोड आपोआप भरायला पायईडब्ल्यूटीएस हे पायथनचे साधन आहे. ते संशयास्पद अवयवांच्या सूचनाही देते. देवनागरी रकाना मात्र हातानेच भरावा लागतो, आणि ल्हासा, अम्दो की लडाखी, कुठला उच्चार घेतला ते यादीच्या डोक्यावर लिहून ठेवावे लागते. लडाखीत जुन्या लेखनातली कितीतरी व्यंजने अजून उच्चारली जातात, त्यामुळे एकाच नावाची दोन देवनागरी रूपे होतात आणि दोन्ही बरोबर असतात.